दुपारी दोनची हाक

१

आमच्या बेटावर मुकाट्याने आत येणारा माणूस एकतर चोर असतो, नाहीतर आजारी. बाकी सगळे फाटकाशी थांबतात आणि ओरडतात, "गुड आफ्टरनून! आहे का आत कुणी?" आतून उत्तर आलं की मगच फाटक ओलांडायचं. व्हरांड्याशी पुन्हा तेच, पुन्हा उत्तर. दाराशी पुन्हा. बसमध्ये चढतानाही म्हणायचं, दवाखान्यातल्या बाकावर टेकतानाही म्हणायचं. आणि समोरच्याने म्हटलं की उत्तर द्यायचंच. उत्तर न देणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार आपटणं.

मला हे कधीच जमलं नाही. मी पंधरा वर्षांची आहे. माझा आवाज घशातून बाहेर येईपर्यंत समोरचा माणूस पुढे निघून गेलेला असतो. डोक्यात मात्र मी सगळं बोलते, मोठ्याने आणि छान.

"नऊ महिने वाढवली, आणि देव जीभ बसवायची विसरला," आई भर बसमध्ये म्हणायची. लोक हसायचे. तीही हसायची. घरी आल्यावर मात्र ती हसत नसे. माझी वेणी घालताना ती गप्प असे, मीही गप्प असे, आणि फक्त फणीचा आवाज येई.

आईला सगळं गाव मिस व्हर्लिन म्हणतं. आम्ही दोघी वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या दोन खोल्या आई मेडिकल कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांना देते. खालचा व्हरांडा वेगळा, दार वेगळं. वर यायला बाहेरून जिना.

ऑगस्टमध्ये बोत्स्वानाहून एकटी लेसेडीच आली. तिच्याआधी आले कॉलेजच्या सुरक्षा विभागाचे मिस्टर कथबर्ट. घाम पुसत, हातात यादी घेऊन त्यांनी सगळं घर पाहिलं. खिडक्यांना गज हवेत. दाराला आतून दोन कड्या हव्यात. फाटकाला साखळी आणि कुलूप हवं.

"आणि फाटकावर पत्रा ठोका, मिस व्हर्लिन. रस्त्यावरून आत दिसता कामा नये."

"मग मला तरी बाहेरचं कसं दिसणार? कोण आलंय ते कळायला नको?"

"आवाजावरून ओळखा की. साऱ्या गावाचे आवाज पाठ आहेत तुम्हाला."

आईने पत्रा ठोकला. लेसेडी आली त्या दिवशी मिस्टर कथबर्टनी तिला जिन्याखाली उभं करून बजावलं, "अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. पडदे ओढून अभ्यास करायचा. इथली माणसं चांगली आहेत, पण चांगला माणूस कोण ते तुला कळायला वर्ष लागेल."

लेसेडीने प्रत्येक शब्द वहीत लिहून घेतला.

२

तिने ते सगळं पाळलं, आणि तीन आठवड्यांत गाव तिच्यावर रुसलं.

"तुझ्याकडची ती पोरगी," कोपऱ्यावरच्या दुकानातली मिस आयोना आईला म्हणाली, "माझ्या दुकानात येते, पावाकडे बोट दाखवते आणि जाते. मी काय खांब आहे?"

"अगं, तिला कॉलेजने घाबरवून ठेवलंय."

"घाबरवलंय? माणसाला गुड मॉर्निंग म्हणायला? तुझ्या जोसेटला एक मुकी मैत्रीण मिळाली म्हणायची!"

जोसेट म्हणजे मी. मी तिथेच उभी होते, हातात साखरेची पिशवी घेऊन.

घरी येताना आई म्हणाली, "उद्यापासून तू तिला रीत शिकव. या गावात जिला कुणी ओळखत नाही तिच्यावर कुणाची नजरही नसते. उद्या काही झालं तर धावून कोण येणार? तो कथबर्ट?"

"मी?" मी म्हटलं.

"हो, तू. तेवढ्याने तुझीही जीभ सुटली तर सुटली."

म्हणून मी खाली गेले. लेसेडी बावीस वर्षांची, उंच, हसरी. टेबलावर हाडांची चित्रं पसरलेली. तिच्याशी बोलणं मला अवघड गेलं नाही, कारण ती उत्तराची घाई करत नसे. मी तिला सगळं सांगितलं. आधी म्हणायचं कुणी, आवाज किती चढवायचा, कोणत्या उंबरठ्याला काय.

"आणि कोण आहे ते दिसलं नाही तर?"

"तरी उत्तर द्यायचं. उत्तर मिळेपर्यंत माणूस ताटकळत राहतो. ते वाईट."

"पण मिस्टर कथबर्ट म्हणाले..."

"ते त्यांच्या घरी असं करून बघू देत," मी म्हणाले. "त्यांची बायको जेवायला घालणार नाही."

लेसेडी खळखळून हसली. मी कुणाला हसवलंय असं पहिल्यांदाच झालं होतं. तिने वही काढली आणि मिस्टर कथबर्टच्या दुसऱ्या सूचनेवर काट मारली.

ती काट मी मारायला लावली, हे मला विसरता येत नाही.

३

पंधरा दिवसांत लेसेडी तयार झाली. मिस आयोना तिला पावाबरोबर एक बेक, म्हणजे मैद्याची तळलेली जाड पुरी, फुकट देऊ लागली.

एका सोमवारी मी शाळेतून सव्वातीनला घरी आले. लेसेडी व्हरांड्यात कपडे वाळत घालत होती.

"आज काय सुरेख हाक मारलीस," ती म्हणाली. "मला वाटलं दुसरंच कुणी आहे."

"कधी?"

"मघाशी. दोन वाजता. फाटकावरून. मी उत्तर दिलं, तर तू आत आलीच नाहीस. कुठे गेलीस मग?"

दोन वाजता मी भूगोलाच्या तासाला होते. आमची शाळा अडीचला सुटते.

मी तसं सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात वरून आईने हाक मारली. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती, कमरेवर हात, चेहरा उजळलेला.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "नारळ किसत होते, वरपर्यंत ऐकू आलं. 'गुड आफ्टरनून! आहे का आत कुणी?' घंटेसारखा आवाज गं! इतकी वर्षं कुठे लपवला होतास?"

शाळेतली दुसरी कुणी मुलगी असेल, मी मनाशी म्हटलं. वर्गणी मागायला आली असेल. आवाज पत्र्यावर आपटून बदलतो. शिवाय आईला ज्याची इच्छा आहे तेच ऐकू येतं.

जेवताना आईने खाऱ्या माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला. मला खरं सांगता आलं असतं. मी मासा खाल्ला.

४

मंगळवारी लेसेडी म्हणाली, "आज टाकीपाशी का थांबलीस?"

पाण्याची टाकी अंगणात आहे, फाटकाच्या आत.

"तू पाहिलंस मला?"

"पडदे ओढलेले होते. पण आवाज टाकीजवळून आला. पाणी वाजत होतं ना, त्याच्या शेजारून. मी म्हटलं, 'गुड आफ्टरनून, ये ना.' मग काही नाही. मी परत मणक्यांच्या मागे लागले."

मी फाटकाशी गेले. साखळी गुंडाळलेली. कुलूप लावलेलं. त्याच्या किल्ल्या तीन. आईची, लेसेडीची, आणि माझी, जी माझ्या गळ्यात होती. टाकीभोवतीची माती ओली होती, कारण नळ गळतो. त्या ओल्या मातीवर कोंबडीच्या पायांचे ठसे होते. दुसरे काहीच नव्हते. पण टाकीपाशी यायचं तर त्या चिखलातूनच यावं लागतं.

बुधवारी माझी बस उशिरा आली. मी आले तेव्हा लेसेडी आतच होती, आणि ती हसली नाही.

"जोसेट, माझी थट्टा करतेस का?"

"नाही."

"व्हरांड्यात खुर्ची सरकली. मग तू म्हणालीस. अगदी खिडकीशी. मी म्हटलं, गुड आफ्टरनून, दार ढकलून आत ये, कडी काढलीय. तू आली नाहीस. मी उठून दार उघडलं. कुणी नाही." तिने एका हाताने दुसऱ्या हाताचा दंड चोळला. "आज तू शाळेत होतीस का?"

"होते."

"सोमवारी?"

मी होकाराची मान हलवली. आम्ही दोघी त्या खुर्चीकडे बघत राहिलो. ती दाराकडे तोंड करून होती. एरवी ती रस्त्याकडे तोंड करून असते.

"कड्या लाव," मी म्हणाले. "दोन्ही."

फाटक, अंगण, व्हरांडा. रोज एक उंबरठा, आणि रोज आत यायची परवानगी. परवानगी द्यायला तिला मीच शिकवलं होतं.

५

गुरुवारी शाळेत जाण्याआधी मी मिस्टर कथबर्टना गाठलं. कॉलेजच्या बसथांब्यावर ते विद्यार्थी मोजत उभे असतात. एवढ्या माणसांसमोर बोलायचं म्हणून मी वाक्य आधी डोक्यात तीनदा म्हणून घेतलं. मी सांगितलं की कुणीतरी रोज दोन वाजता येतंय आणि कुलूप न उघडता आत येतंय. आवाज कुणासारखा आहे ते मात्र सांगितलं नाही.

"येतंय आणि काय करतंय?"

"गुड आफ्टरनून म्हणतंय."

त्यांनी टोपी मागे सारली. "बाळा, चोर गुड आफ्टरनून म्हणायला लागले तर माझी नोकरी जाईल."

पण माणूस वाईट नव्हता. दुपारी तो खरंच आला, दीड ते तीन फाटकाशी उभा राहिला, आईने दिलेला कोकोचा चहा दोनदा प्याला. कुणी आलं नाही. त्याने सगळे गज हलवून पाहिले, कड्या ओढून पाहिल्या, आणि लेसेडीला सांगितलं, "तुझ्याइतकी सुरक्षित पोरगी या बेटावर दुसरी नाही."

संध्याकाळी लेसेडीने मला हे सांगितलं, आणि मग हळूच म्हणाली, "उद्या तुला सुट्टी घेता येईल?"

६

शुक्रवारी मी जेवणाच्या सुट्टीत शाळेतून निघाले. असं मी कधी केलं नव्हतं. आईला कळू नये म्हणून फाटक हळूच उघडलं, लावलं, आणि भिंतीलगत लेसेडीच्या दाराशी आले. तिने कड्या काढून मला आत घेतलं. मग दोन्ही पुन्हा लावल्या. खिडक्यांचे पडदे ओढलेलेच होते.

"आज काहीही झालं तरी उत्तर द्यायचं नाही," मी म्हणाले.

"दिलं नाही तर वाईट दिसतं, असं कुणी सांगितलं होतं?" ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

"मीच. माझं चुकलं."

आम्ही पलंगाच्या कडेला बसलो. खोलीत उकडत होतं. वर आईच्या चपला स्वयंपाकघरात इकडून तिकडे जात होत्या. रेडिओवर कुणीतरी मृत्यूच्या बातम्या वाचत होतं, अमुक अमुक, तमक्याची आई, तमक्याची आजी. नीरफणस भाजल्याचा वास जिन्यावरून खाली येत होता. लेसेडीच्या टेबलावरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली आणि मला वाटलं, नाही येणार. गुरुवारी आलं नाही, आजही नाही. उन्हात माणसाला काय काय ऐकू येतं.

"गुड आफ्टरनून," दाराबाहेर कुणीतरी म्हणालं.

तो माझा आवाज होता. पण जो बाहेर पडतो तो नव्हे. जो मला डोक्यात ऐकू येतो तो.

लेसेडीने माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले आहेत हे ती बघत होती. शिकवलेलं उत्तर तिच्या ओठांवर येत होतं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गुड आफ्टरनून. आहे का आत कुणी?"

दार हललं नाही. कडी वाजली नाही. कुणी जबरदस्ती केली नाही. बाहेर फक्त थांबणं होतं, आणि ते थांबणं इतकं सभ्य होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला ठाऊक आहे तसं ताटकळत उभं राहणं.

दाराशेजारच्या खिडकीला लाकडी पट्ट्या आहेत. वाऱ्याने पडदा थोडा सरला. पट्ट्या तिरप्या असल्यामुळे तिथून माणसाचा मधलाच भाग दिसतो, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. चुण्यांचा हिरवा स्कर्ट दिसला, आमच्या शाळेचा. खालच्या बाजूला फिकट आडवी रेघ होती. गेल्या रविवारी आईने माझ्या स्कर्टची दुमड उसवून तो लांब केला, त्याची ती जुनी रेघ. मी स्वतःच्या मांडीवर पाहिलं. रेघ तिथेही होती. पडदा वाऱ्याने उडत होता. तो स्कर्ट मात्र हलत नव्हता.

"गुड आफ्टरनून," तिसऱ्यांदा. या वेळी आवाज लहान होता, दुखावलेला.

मी लेसेडीचं तोंड दाबून धरलं. तिचा श्वास माझ्या बोटांवर गरम लागत होता. उत्तर दिलं नाही की ते जाईल, एवढंच मला समजत होतं. एक मिनिट गेलं असेल. बाहेरचं पाऊल मागे वळल्यासारखं वाजलं. लेसेडीचे खांदे सैल झाले.

आणि वरून आईचा आवाज आला.

"अरे, खाली काय सगळे मेले का? पोरगी तीनदा गुड आफ्टरनून म्हणाली! लेसेडी! हीच का रीत शिकलीस?" मग तिचा आवाज मऊ झाला, इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "गुड आफ्टरनून, माझी राणी. त्यांना राहू दे. तू वर ये. आपल्या घरी ये."

७

जिना चढणारी पावलं ऐकू आली. घाई नाही, आवाज न करण्याची धडपड नाही. वरचं दार उघडलं, आणि बंद झालं.

लेसेडीने माझा हात बाजूला केला. ती सुखरूप होती. कड्या जागच्या जागी होत्या, गज शाबूत होते. तिने स्वतःला चाचपून पाहिलं आणि रडू लागली. मग तिचं रडणं थांबलं, कारण छताच्या वर बोलणं सुरू झालं होतं.

"तुझी आई कुणाशी बोलतेय?" तिने विचारलं. उत्तर तिलाही माहीत होतं.

मी कड्या काढल्या. व्हरांड्यात कुणी नव्हतं. जिना उन्हात कोरडा होता. मी पळत गेले असं लिहायला आवडलं असतं. मी एकेक पायरी चढले, कठडा धरून. लेसेडी माझ्या मागे दोन पायऱ्या येऊन थांबली.

आमच्या खिडक्यांनाही पट्ट्या आहेत. मी वाकून आत पाहिलं.

आई तिच्या खुर्चीत बसली होती. तिच्या गुडघ्यांमध्ये, लहान स्टुलावर, माझ्या जागेवर, कुणीतरी बसलं होतं, खिडकीकडे पाठ करून. आई तिची वेणी सोडत होती. आणि ती मुलगी बोलत होती. थांबतच नव्हती. इंग्रजीच्या बाईंनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला, हे सांगत होती. मिस आयोना मला मुकी म्हणाली तेव्हा मला काय वाटलं, ते सांगत होती. बसमध्ये लोक हसतात तेव्हा मी खिडकीबाहेर काय बघते, तेही. मी कुणालाही न सांगितलेलं सगळं, माझ्याच शब्दांत, योग्य क्रमाने.

आईच्या हातातली फणी थांबली होती. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या पंधरा वर्षांत एकदाही आणू शकले नव्हते.

"हाक मार," मागून लेसेडी कुजबुजली. "जोसेट, हाक मार तिला."

मी तोंड उघडलं. "आई!"

आवाज निघाला. मोठा, स्पष्ट, जिन्याखालपर्यंत गेलेला. पहिल्यांदाच.

आईने मान वर केली आणि पट्ट्यांमधून सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं आपलेपण निघून गेलं. फाटकावर आलेल्यांसाठी ती ठेवते ते हसू उरलं.

"गुड आफ्टरनून, बाळा," ती म्हणाली. "कुणाकडे आलीस?"

स्टुलावरची मुलगी वळली नाही. तिने फक्त बोलणं थांबवलं, आणि मी उत्तर देईपर्यंत नीट, सभ्यपणे, वाट पाहत राहिली.